फवारणीचे प्रशासन

महासाथीत प्रशासनाने केलेल्या खर्चाचा हिशेब मांडताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो: जे दिसते त्यावर पैसा सहज मिळतो, जे उपयोगी पडते त्यावर मिळेलच असे नाही.

मार्च २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोरोना विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला. त्याच महिन्यात बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले गेले. माणसांवर अशी फवारणी अपायकारक असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही ठिकठिकाणी निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे होतेच. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले.

रुग्णालयातील पृष्ठभागांचे शास्त्र याहून साधे आहे. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा, मग १ टक्का हायपोक्लोराइटने पुसावे आणि ठरलेला वेळ ओले राहू द्यावे. मळ तसाच असेल तर क्लोरीन निष्प्रभ होते. खाटेचा कठडा, दाराची मूठ, मॉनिटरची बटणे ही हातानेच पुसावी लागतात. दुरून उडवलेला फवारा ते काम करीत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हेही आता मान्य झाले आहे. मग पुसण्याचा खटाटोप कशाला? आक्षेप अर्धाच खरा आहे. ते अनुमान सामान्य जनजीवनाविषयी होते, अतिदक्षता विभागातील खाटेविषयी नव्हे. शिवाय तेथे क्लेब्सिएला आणि कॅन्डिडा ऑरिसही वास करतात, आणि त्यांना महासाथ संपल्याची वार्ता कोणी दिलेली नाही. निष्कर्ष एवढाच की खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, पुसणे चालू ठेवा आणि फवारणी थांबवा.

मग फवारणीच का होते? यंत्राची खरेदी होते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. फडक्याला यांपैकी काहीच लाभत नाही. ते फडके ज्याच्या हाती असते तो सफाई कामगार बहुधा कंत्राटी, न्यूनतम दराच्या निविदेतून आलेला. निविदेत माणसे मोजली जातात, काम मोजले जात नाही. एका कामगाराकडे किती खाटा, त्याला हातमोजे, लस आणि प्रशिक्षण मिळाले की नाही, याबद्दल कंत्राट मौन पाळते.

काम मोजणे अशक्य नाही. कठड्यावर न दिसणारी खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली ती पुसली गेली का, ते पाहावे. एवढी एक अट कंत्राटात घालणे आणि तिच्या पूर्ततेला पुरेल इतका दर देणे, हे प्रशासनाच्या अधिकारातील काम आहे. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना नवे यंत्र.