वेगाला आखाडा हवा

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा ठरवला तेव्हा सरांनी विचारले, "विषय काय घेतलास?" मी म्हणालो, "हौशी लोक शर्यतीच्या मोटारी ट्रॅकवर चालवतात, त्याविषयी." सर हसले. "अरे, तीर्थपुरीत राहून शर्यतीच्या मोटारी? आपल्याकडे उसाचा ट्रॅक्टर हीच मोठी मोटार!" वर्गातली मुलेही हसली. मीही हसलो. पण हा विषय मी परदेशी चित्रपट पाहून घेतलेला नाही. तो माझ्याकडे आपल्याच रस्त्यावरून आला आहे, आणि कसा आला ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी गळीत हंगामात एका संध्याकाळी आम्ही चार मित्र अंबडच्या रस्त्याला मोटारसायकली घेऊन गेलो. दोघांनी पैज लावली. ठरलेल्या बाभळीपासून पुलापर्यंत आधी कोण पोहोचतो, एवढीच गोष्ट होती. मी गाडीवर नव्हतो. माझ्या हातात मोबाईल होता आणि त्यात घड्याळ लावलेले होते. "एक, दोन, तीन" मीच म्हणालो. पुलाच्या अलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली अंधारात उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. पहिला मित्र कसाबसा वाचला. दुसरा वाचला नाही असे म्हणवत नाही, कारण तो जिवंत आहे. परंतु त्याच्या पायात सळई आहे, आणि तो आता कॉलेजात येत नाही. तो वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो हा अंक वाचणार आहे.

त्या रात्री त्याच्या आईला सांगायला मीच गेलो होतो. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "तू तर शहाणा होतास ना रे?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला आहे, म्हणून गल्लीत मला शहाणा समजतात. त्या दिवसापासून शहाणपण म्हणजे काय, याचा मी विचार करतो आहे.

पहिल्यांदा वाटले की वेग हाच शत्रू आहे. शिक्षकही तेच सांगतात, पोलीसही तेच सांगतात आणि फलकांवरही तेच लिहिलेले असते. पण मन पुरते मानत नव्हते. वेगाची ओढ नसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. मग गेल्या हिवाळ्यात, सत्र परीक्षा संपल्यावर, मला एक योग आला. माझा मावसभाऊ पुण्यात एका गॅरेजवर मेकॅनिक आहे. त्यांच्या एका गिऱ्हाइकाची स्पोर्ट्स कार ट्रकवर चढवून कोइमतूरला न्यायची होती. भावाने विचारले, "येतोस का? टायर उचलायला माणूस हवाच आहे." मी गेलो.

कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम येथे करी मोटर स्पीडवे नावाचा सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक आहे. एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले आहे. हे करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात वारले. त्यांचे मोठेपण असे की, त्यांनी मारुती ८०० चे साधे इंजिन घालून एक आसनी शर्यतीची गाडी तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, अशाच गाडीवर सुरुवातीचे धडे शिकला. म्हणजे आपल्या गल्लीत उभ्या असणाऱ्या मोटारीचे इंजिन घेऊनसुद्धा या खेळाची शाळा उघडता येते.

मी पाहिला तो दिवस शर्यतीचा नव्हता. त्याला ट्रॅक डे म्हणतात. तिथे बक्षीस नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने शुल्क भरायचे आणि ठरलेल्या वेळात बंद ट्रॅकवर ती चालवायची. मला वाटले होते की श्रीमंतांची पोरे येतील, आवाज करतील, मिरवतील. आले ते बहुतेक पोक्त गृहस्थ होते. कुणी डॉक्टर, कुणी कारखानदार. सकाळी सर्वांना एका शेडखाली बसवले आणि तीस-बत्तीस वर्षांच्या एका प्रशिक्षकाने त्यांना शाळकरी मुलांसारखे शिकवले. पन्नाशीचे गृहस्थ वहीत टिपून घेत होते. तो देखावा मी कधी विसरणार नाही.

काय शिकवले? पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, कुणाला ओलांडायचे नाही. लाल झेंडा म्हणजे सर्वांनी हळूहळू परत यायचे. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. चौकटींचा झेंडा म्हणजे तुमची वेळ संपली. ओलांडायचे ते फक्त सरळ पट्ट्यात, आणि पुढच्याने हाताने खूण केल्यावरच. नवख्यांचा गट वेगळा, जाणत्यांचा वेगळा. हेल्मेटशिवाय कुणी आत जायचे नाही. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावायचा. वळणात हळू शिरायचे आणि बाहेर पडताना वेग घ्यायचा. शेवटचा फेरा सावकाश मारायचा, म्हणजे तापलेले ब्रेक थंड होतात. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. टायर तापले की त्यातली हवा फुगते, म्हणून मी आणि भाऊ दर खेपेला हवा मोजत होतो. रुग्णवाहिका दिवसभर दाराशी उभी होती. तिचा चालक झाडाखाली डबा खात बसला होता, पण किल्ली गाडीलाच होती.

एक हिशेब प्रशिक्षकाने फळ्यावर मांडला. तो आपल्या सर्वांना ठाऊक असायला हवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे अंधारात ट्रॉली दिसली, पाय ब्रेककडे वळला, तेवढ्यात २८ मीटर संपलेले असतात आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. फळ्याकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे तो पूल आला. मी शेडच्या बाहेर येऊन उभा राहिलो.

मित्रहो, त्या दिवशी माझ्या मनाचा गोंधळ मिटला. दोन माणसे रस्त्यावर भिडली तर आपण त्याला मारामारी म्हणतो आणि पोलिसांना बोलावतो. तीच दोन माणसे आखाड्यात भिडली तर आपण नारळ फोडतो आणि फेटा बांधतो. ताकद तीच, डावही तेच. फरक लाल मातीचा, पंचाचा आणि उस्तादाचा आहे. वेगाचेही तसेच आहे.

आणि हे आपल्या लोकांना नवीन नाही. आमच्या आबांकडे पूर्वी पटाची जोडी होती. पुण्याकडे ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याच जातीचा आपल्या मराठवाड्यातला आणि विदर्भातला खेळ म्हणजे शंकरपट. आबा सांगतात, "पटात माणूस आडवा आला तर चूक माणसाची. रस्त्यात माणूस आडवा आला तर चूक हाकणाऱ्याची." सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी, बैलांच्या छळाच्या प्रश्नावरून, या शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मनाई कशी झाली आणि परवानगी कशी मिळाली, यावर घराघरांत वाद आहेत. बैलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण त्या वादातून एक गोष्ट निघाली: खेळ टिकवायचा असेल तर तो नियमात बसवावा लागतो.

मोटारींनीही हाच धडा रक्त सांडून घेतला. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत भर रस्त्यावरून निघाली. चालक मेले, बघे मेले. मार्सेल रेनो हा नामांकित चालकही त्यात गेला. फ्रान्स सरकारने बोर्दोलाच ती थांबवली. इंग्लंडात तेव्हा रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा होती. तेव्हा एका जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर ब्रुकलँड्सचा ट्रॅक बांधला. तो १९०७ साली सुरू झाला. मुद्दाम शर्यतीसाठी बांधलेला तो पहिला ट्रॅक मानतात. जर्मनीत आयफेलच्या गरीब डोंगराळ भागात बेकारांना काम मिळावे म्हणून १९२५ साली नूरबर्गरिंगचे काम काढले; १९२७ साली तो पुरा झाला. त्यातल्या जवळजवळ २१ किलोमीटरच्या फेऱ्यावर ठरलेल्या वेळी पैसे भरून आजही सामान्य माणूस स्वतःची गाडी नेऊ शकतो. हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तिने फोडलेल्या खडीवरच आम्ही पैजा लावतो. त्या खडीला तिच्या घामाची किंमत आहे, ती आमच्या रक्ताने रंगवायची नाही, एवढे तरी आम्हाला कळायला हवे.

कुणी म्हणेल, ट्रॅकवर का माणसे मरत नाहीत? मरतात. १९५५ मध्ये ल मान्स येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक लोक गेले. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत अवघ्या १३ वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा ट्रॅक म्हणजे अभयदान, असे मी म्हणणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाला त्या वेगात घालावे का, हा प्रश्नही मला सतावतो. पण ट्रॅकवर समोरून ऊस येत नाही, शाळेची मुले येत नाहीत, आणि जखमीला उचलायला माणसे उभी असतात. तिथे स्वतःचा धोका स्वतः पत्करता येतो. दुसऱ्याला न विचारता त्याच्या माथी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या एका वर्गमित्राचा आहे. तो म्हणतो, "पिकाला भाव नाही, प्यायला पाणी नाही, आणि तुला ट्रॅक हवा!" त्याचा राग मला समजतो. मी ग्रेटर नोएडासारखा ट्रॅक मागत नाही. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तो डोलारा आपल्या आवाक्यातला नाही. पण साध्या वाटाही आहेत. मद्रासजवळच्या शोळावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हौशी लोकांनी आपापल्या मोटारी आणि मोटारसायकली सरळ रेषेत पळवून वेळ मोजून घेतली आहे. कोल्हापूरला मोहिते यांच्या ट्रॅकवर छोट्या कार्ट गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. जिथे तालमी आहेत तिथेच हेही रुजले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

कायदाही आडवा येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कलमात "राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय" अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे कायद्याने दार लावले आहे, पण कडी आतून घातलेली नाही. कुणीतरी जाऊन ते ठोठावले पाहिजे.

माझे मागणे लहान आहे. जिल्ह्यात एखादी बंदिस्त जागा महिन्यातून एका रविवारी मिळावी. तिथे मोटारसायकली चालतील; स्पोर्ट्स कार कुणाकडे आहे? झेंडे असावेत, हेल्मेट असावे, डॉक्टर असावा, आणि ब्रेक कसा लावायचा हे शिकवणारा एक उस्ताद असावा. हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातात एक काम आहे. यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण एक दिवस कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहू आणि येणाऱ्या प्रत्येक उसाच्या ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी चिकटवू. त्याला फार पैसा लागत नाही. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात हे काम होईल.

कोइमतूरहून आल्यावर मी त्या मित्राच्या दुकानात गेलो. झेंड्यांची, शेडची, वहीत टिपून घेणाऱ्या डॉक्टरांची सारी हकिकत सांगितली. तो साखरेची पुडी बांधत ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "ट्रॅकवर उसाची ट्रॉली उभी नसते का रे?"

मी म्हणालो, "नसते."

"आणि घड्याळ कुणाच्या हातात असते?"

त्याने ते रागाने विचारले नव्हते. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी उत्तर दिले नाही. हा लेख हेच माझे उत्तर आहे.

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष