भिंतीला पाणी कोण मारणार?

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी आवाज चढवला. शनिवारी आम्ही सहकारी मिळून कर्जत तालुक्यातल्या एका कातकरवाडीत घर बांधायला गेलो होतो. त्याचे फोटो पडद्यावर येत होते, टाळ्या पडत होत्या, आणि मी विचारलं, "त्या भिंतीला आता पाणी कोण मारतंय?" कुणालाच माहीत नव्हतं. मग पुढे बराच वेळ जे बोलणं झालं, ते मीटिंगच्या विषयपत्रिकेत नव्हतं.

शनिवार मी कुणाला देत नाही. हा मात्र मी आनंदाने दिला, आणि पुन्हाही देईन. जोत्यापर्यंतचं काम, ज्या संस्थेबरोबर आम्ही गेलो होतो तिच्या गवंड्यांनी आधीच केलं होतं. आम्ही विटा पोचवायच्या, माल कालवायचा, साखळी करून घमेली पुढे सरकवायची आणि ज्याला जमेल त्याने गवंड्याच्या हाताखाली थर लावायचा. हिशेब खात्यातल्या बाई ओळंबा लावायला शिकल्या आणि दुपारपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही.

गवंडीमामांनी पहिला धडा दिला तो पाण्याचा. भिजवल्याशिवाय वीट लावायची नाही. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. दुसरा धडाही पाण्याचाच. भिंत उभी राहिली म्हणजे काम संपलं नाही. निदान सात दिवस तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, काँक्रीटला त्याहूनही जास्त दिवस. मार्चच्या उन्हात हे झालं नाही तर सिमेंट धरतच नाही, पुढे नखाने उकरलं तरी सांध्यातून वाळू निघते. मामा हे सांगत होते तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी मान डोलावली आणि पुन्हा घमेली उचलली.

ज्याचं घर, तो माणूस आदल्या रात्री भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून आला होता. बायको-मुलं भट्टीवरच होती. भट्टीवर जाणाऱ्यांचं वर्ष असं चालतं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची. दिवाळी झाली की कुटुंबासकट भट्टी गाठायची, पहाटेच्या अंधारापासून विटा थापायच्या आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोची मिळून. उचल त्यातूनच वळती होते. एकाने खाडा केला की दोघांच्या हिशेबाला खोट येते.

त्याने आल्या आल्या विटांच्या ढिगाशी बसकण मारली. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत वाजल्या तर इकडे, बद्द वाजल्या तर तिकडे. अर्धवट भाजलेल्या विटांचा चांगलाच मोठा ढीग त्याने बाजूला काढला. मामा म्हणाले, "ह्याला विचारून विटा घेतल्या असत्या तर बरं झालं असतं." त्याला कुणी विचारलं नव्हतं. विटा कुठल्या घ्यायच्या हे नाही, आणि आम्ही कोणत्या महिन्यात यावं हेही नाही. दुपारच्या जेवणानंतर फोटो झाला. त्यात त्याला मधोमध उभं केलं आणि चारच्या सुमाराला तो स्टेशनकडे निघाला, कारण दुसऱ्या दिवशीही भट्टीवर नसता तर मुकादमाने ऐकून घेतलं नसतं. मागे राहिली त्याची म्हातारी आई. हातपंप उताराखाली आहे आणि मार्चमध्ये त्याला हंडाभर पाण्यासाठी किती दांडा मारावा लागतो, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा. घर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात वाईट काळ आम्ही निवडला होता. मालक घरात नाही आणि पाणी पंपात नाही.

मार्चच का, असं विचारल्यावर मीटिंगमध्ये मला उत्तर मिळालं, "31 मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो." हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून थोडा कायदा सांगते. कंपनी कायदा 2013 मधलं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पण काम चालू प्रकल्पाचं असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. 2021 पासून ही सोय स्पष्ट आहे. म्हणजे मार्चची घाई कायद्याने लादलेली नाही. ती आपल्या सोयीची आहे, आणि तिची किंमत वाडी मोजते.

त्या शनिवारी परतताना बस विक्रोळीवरून गेली आणि मला लिलियन कार्टर आठवल्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांची ही आई. पेशाने परिचारिका. 1966 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, 'पीस कोअर'ची स्वयंसेविका म्हणून त्या इथे विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत येऊन राहिल्या, आणि दिवस-दोन दिवस नव्हे, 21 महिने राहिल्या. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपात आली. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. ज्या वयात आपल्याकडे माणूस सुनेच्या हातचा चहा मागतो, त्या वयात त्या परक्या देशातल्या उकाड्यात रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांच्या घराजवळून माझी पिढी रोज लोकलने गेली आणि शाळेच्या कुठल्याही धड्यात आम्हाला त्या भेटल्या नाहीत, याची मला खरोखर खंत आहे.

त्यांचा मुलगा घरं बांधायला लागला तो राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था फुलर दांपत्याने 1976 मध्ये जॉर्जियात सुरू केली. कार्टर पती-पत्नी तिच्या कामात 1984 पासून हातात हातोडा घेऊन उतरले. 2006 मध्ये ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले, तेव्हा कार्टर 82 वर्षांचे होते. देशोदेशीचे स्वयंसेवक आले होते आणि आठवडाभरात 100 घरांचं काम हाती घेतलं होतं. ब्रॅड पिट आले होते, तेवढंच पुष्कळांना आठवतं. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे काळ: ऑक्टोबरची अखेर, दिवाळी नुकतीच झालेली, पाऊस थांबलेला, जमिनीत ओल असलेली. दुसरी म्हणजे या संस्थेची जुनी अट: ज्याचं घर, त्याने स्वतःचे श्रम त्यात घालायचे. घरमालक पाहुणा म्हणून फोटोत येत नाही, तो कामावरचा माणूस असतो.

आमच्या वाडीतल्या माणसाला ही अट पाळायची संधीच आम्ही ठेवली नाही. केंद्र सरकारच्या जनमन योजनेत नोव्हेंबर 2023 पासून कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींच्या घराला 2 लाख रुपये मिळतात. वाळू-सिमेंट वाडीपर्यंत डोक्यावरून न्यायचं असेल तर ते पुरत नाहीत, म्हणून कंपनीची मदत हवी आणि आमच्यासारख्यांचे हातही हवेत. शनिवारी आमचे हात उपयोगी पडले, यात मला शंका नाही.

मीटिंगमधून एवढं निघालं: वाडीतल्याच एका तरुणाला रोजची मजुरी देऊन पंधरा दिवस भिंतींवर पाणी मारायचं काम दिलं आहे, आणि पाण्यासाठी टँकर ठरवला आहे. पुढचं घर ऑक्टोबरमध्ये घ्यायचं की नाही, यावर अजून निर्णय झालेला नाही.

तुमच्या ऑफिसातही असा दिवस ठरत असेल तर नाही म्हणू नका, जरूर जा. पण तारीख पक्की करण्याआधी वाडीतल्या माणसांना विचारा की तुम्ही घरी कधी असता. दसऱ्याच्या आसपासचे आठवडे मागून घ्या. आणि तुमच्या टी-शर्टांच्या खर्चाशेजारी पाणी मारणाऱ्याची मजुरी लिहिली आहे का, ते सही करण्याआधी बघा.