फिरत्या इंजिनाचा वाद

एखादी वस्तु बाजारांतून नाहींशी होऊन वीसांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तिच्याविषयीं लोकांनीं तावातावानें वाद घालीत राहावें, हा प्रकार जुन्या नाटकमंडळ्यांच्या बाबतींत आपल्या परिचयाचा आहे. मोटारगाडीसारख्या लोखंडी वस्तूच्या वांट्यासही हें भाग्य येऊं शकतें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. जपानांतील हिरोशिमा येथील माझदा कंपनीनें आपली ‘आरएक्स-७’ ही स्पोर्ट्‌स कार २००२ सालीं बनविणें बंद केलें. ती पुन्हां काढावी कीं काढूं नये, यावर जपान, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांतील मोटारवेडे लोक आजही हमरीतुमरीवर येतात. दोन माणसांपुरती जागा, सामान ठेवण्याची पंचाईत, पेट्रोलचा खर्च मात्र चौघांचा, अशा गाडीशीं आमच्या वाचकांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु या भांडणाच्या मुळाशीं जो प्रश्न आहे, तो मोटारीपुरता नाहीं. ज्या विद्येनें घराण्यास नांव मिळवून दिलें, पण पैसा मिळवून दिला नाहीं, ती विद्या वंशजांनीं चालवावी कीं सोडावी, हा तो प्रश्न होय.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. आपल्याकडे १९८० च्या दशकापासून स्वराज माझदा या नांवाचे मालट्रक व लहान बसगाड्या रस्त्यांवर दिसूं लागल्या, त्यामुळें हें नांव आपणांस परकें नाहीं. पण तें आलें कोठून, याचा विचार फारसा कोणी केला नसेल. कंपनीचे प्रवर्तक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनांवाशीं त्याचा उच्चार जुळतो, हें एक कारण. दुसरें कारण, पारशी बंधूंचा परमेश्वर जो अहुर मज्द, त्याचें स्मरण. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें अवेस्तांतील ‘अहुर’ म्हणजे आपला ‘असुर’, ज्याचा ऋग्वेदांत वरुणासारख्या देवतांस आदरार्थी उपयोग झालेला आहे. आणि ‘मज्दा’ शब्दाचें नातें संस्कृत ‘मेधा’ शब्दाशीं लागतें. सारांश, एका जपानी तीन-चाकी मालगाडीवर १९३१ सालीं जें नांव रंगविलें गेलें, त्यांत आपल्याच घरचा एक फार जुना शब्द दडलेला आहे. असो.

आतां त्या गाडीच्या इंजिनाकडे वळूं; कारण सारा तंटा त्याच्यावरून आहे. नेहमींच्या इंजिनांत नळकांड्यांतून दट्टे वरखालीं होत असतात. दट्ट्या खालीं जातांना पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ओढून घेतो, वर येतांना तें दाबतो, ठिणगी पडून स्फोट झाला कीं खालीं फेकला जातो, आणि पुन्हां वर येतांना धूर बाहेर लोटतो. ही उखळांतल्या मुसळाची रीत झाली. मुसळास प्रत्येक घावाच्या शेवटीं थांबावें लागतें आणि उलट फिरावें लागतें; शिवाय चाकांस पाहिजे असते गोल गति, म्हणून या वरखालीं हिसक्यांचें दांड्यांच्या साहाय्यानें वर्तुळ करून घ्यावें लागतें. फेलिक्स वांकेल नामक जर्मन संशोधकानें मुसळ टाकून देऊन जात्याचा मार्ग धरला. मध्यें किंचित् चिमटलेल्या अंडाकृति पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत ठेवावयाचा. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्यें तीन खोल्या होतात. त्या फिरतां फिरतां लहानमोठ्या होतात, आणि एकींत मिश्रण शिरत असतां दुसरींत तें दाबलें जातें व तिसरींतून धूर बाहेर पडतो. त्रिकोणाचा एक फेरा होतो तों मधल्या दांड्याचे तीन फेरे होतात. झडपा नाहींत, हिसके नाहींत. इंजिन आकारानें लहान, वजनानें हलकें, आणि चालतांना इतकें गुळगुळीत कीं वेग वाढल्याचें कानांस कळण्यापूर्वीं कांट्यावर दिसावें.

मग साऱ्या जगानें हें जातें कां स्वीकारलें नाहीं? त्रिकोणाचीं तीनही टोकें भिंतीस अहोरात्र घासून राहिलीं पाहिजेत, नाहीं तर एका खोलींतला वायु दुसरींत शिरतो. त्या टोकांच्या पट्ट्या झिजतात. त्यांस वंगण मिळावें म्हणून थोडें तेल आंत सोडावें लागतें, आणि तें पेट्रोलबरोबर जळतें. शिवाय स्फोटाची खोली लांबट व चपटी, म्हणून मिश्रणाचा कांहीं अंश न जळतांच निसटतो. पेट्रोल अधिक खातें आणि धूर अधिक सोडतें, हे या यंत्राचे दोन जन्मजात दोष होत, आणि कितीही भक्ति असली तरी ते नाकारतां येत नाहींत.

एवढे दोष ठाऊक असतां एका लहानशा कंपनीनें हें लोढणें गळ्यांत कां अडकवून घेतलें? येथें हौसेचा भाग थोडा आणि भीतीचा फार होता. १९६० च्या सुमारास जपानी सरकारचें व्यापारखातें मोटारीचे लहानसहान कारखाने मोठ्यांत विलीन करण्याचे बेत करीत होतें. हिरोशिमाचा हा कारखाना तेव्हां मुख्यतः तीन-चाकी मालगाड्यांवर जगत असे. १९४५ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस शहर भस्म झालें, तेव्हां हिजियामा नांवाच्या टेकडीच्या आडोशानें तो बचावला होता. प्रांताच्या सरकारी कचेरीस कांहीं काळ त्यानेंच आसरा दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें मालगाड्या पुन्हां बनूं लागल्या. अशा कारखान्याचें वेगळें अस्तित्व टिकवावयाचें तर दुसऱ्या कोणापाशीं नाहीं असें कांहीं तरी आपल्यापाशीं पाहिजे, हें अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनीं ओळखलें आणि १९६१ सालीं वांकेल इंजिनासाठीं एनएसयू या जर्मन कंपनीशीं करार केला.

तें काम केनइचि यामामोतो या अभियंत्याकडे व त्याच्या सत्तेचाळीस जणांच्या तुकडीकडे आलें. जपानी इतिहासांतील स्वामिनिष्ठ सत्तेचाळीस रोनिनांची कथा तेथें पोराबाळांस ठाऊक असल्यामुळें ही उपमा त्यांस आपोआपच चिकटली. इंजिन कांहीं तास चालवून उघडावें, तों आंतल्या भिंतीवर पट्ट्यांच्या थरथरीनें लाटांसारखे ओरखडे उमटलेले असावयाचे. कारखान्यांत त्यांस सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्ट्यांसाठीं हरतऱ्हेचे पदार्थ वापरून पाहिल्यावर शेवटीं अॅल्युमिनियम मुरविलेला कार्बन कामास आला. १९६७ च्या मे महिन्यांत ‘कॉस्मो स्पोर्ट’ नांवाची दोन त्रिकोणांच्या इंजिनाची गाडी बाजारांत आली. १९७२ पर्यंत अशा जेमतेम ११७६ गाड्या निघाल्या. धंद्याच्या दृष्टीनें ही संख्या हास्यास्पद. पण ती गाडी विकण्यासाठीं होती असें म्हणण्यापेक्षां, ‘आम्हीं हें करूं शकलों’ असें सरकारास व जगास सांगण्यासाठीं होती, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

पुढें १९७३ चें तेलसंकट आलें. पेट्रोल महागतांच या इंजिनाच्या गाड्या अमेरिकेंत पडून राहिल्या, कंपनी बुडण्याच्या बेतास आली, आणि सुमितोमो बँकेनें हात दिला म्हणून ती तरली. वास्तविक येथेंच गोष्ट संपावयाची. परंतु साऱ्या संसारी गाड्यांतून जें इंजिन काढून घेतलें, तेंच एका हलक्या व परवडणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्यें बसवून १९७८ सालीं कंपनीनें आरएक्स-७ काढली, आणि आश्चर्य असें कीं ती खपली. तीन पिढ्या मिळून या गाड्यांची संख्या ८ लक्ष ११ हजारांच्या वर गेली. १९९१ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत चार त्रिकोणांच्या इंजिनाच्या ‘७८७ बी’ गाडीनें जिंकली. जपानी कारखान्याचा तेथील तो पहिलाच विजय. दुसरा यावयास २०१८ साल उजाडावें लागलें. शर्यतीचे नियम बदलून पुढच्या वर्षीं या इंजिनास दार बंद झालें, त्यामुळें भक्तांच्या मनांत त्या विजयास हौतात्म्याची छटाही आलेली आहे.

आतां वादाकडे. एक पक्ष म्हणतो, आरएक्स-७ हा या कंपनीचा आत्मा आहे. उंच, बोजड, कुटुंबवत्सल गाड्या कोणीही करील, मग माझदाचें वेगळेपण तें काय राहिलें? दुसरा पक्ष हिशेबाची वही पुढें करतो. ही कंपनी वर्षास सुमारें बारा-तेरा लक्ष गाड्या करते. टोयोटाच्या कोटीपुढें ही मुठभरच. धुराचे कायदे वर्षानुवर्षें कडक होत आहेत. याच इंजिनाची पुढची गाडी जी आरएक्स-८, तीही २०१२ सालीं बंद करावी लागली. विजेच्या गाड्यांसाठीं जो पैसा लागणार, तो हौसेवर उधळला तर हिरोशिमांतील हजारों घरांच्या चुलींचें काय? तिसरा पक्ष कर्मठांचा. कंपनीनें २०२३ सालीं ‘एमएक्स-३०’ गाडींत एका त्रिकोणाचें ८३० घनसेंटीमीटरचें इंजिन पुन्हां आणलें, पण तें चाकें फिरवीत नाहीं. वीज उत्पन्न करून देतें, आणि चाकें विजेच्या मोटारीनें फिरतात. कर्मठांच्या मतें हा शुद्ध भ्रष्टाचार होय. सोवळेंओवळें केवळ आमच्याच घरांतून आहे असें समजणाऱ्यांनीं या मंडळींचें बोलणें एकदां अवश्य ऐकावें.

पहिल्या पक्षाविषयीं आम्हांस सहानुभूति आहे, पण त्यांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. आज ज्या तिसऱ्या पिढीच्या गाडीसाठीं ते अश्रु ढाळतात, ती १९९१ पासून २००२ पर्यंत अकरा वर्षांत मिळून ६८ हजारांच्या आसपासच निघाली. पहिल्या पिढीच्या सुमारें पावणेपांच लक्ष निघाल्या होत्या. अमेरिकेंत तर ती १९९५ नंतर विकेनाशीच झाली. गाडी उत्तम होती, याविषयीं वाद नाहीं. पण ती महाग झाली होती, नाजूक झाली होती, आणि तिचे चाहते त्या वेळीं दुकानाकडे फिरकले नाहींत. शाळकरी वयांत भिंतीवर जिचें चित्र लावलें, तिच्यासाठीं प्रौढपणीं गळा काढणें सोपें असतें. त्या चित्रावर कारखान्याचे पगार निघत नाहींत.

याच्या उलट दाखला त्याच कारखान्याचा आहे. १९८९ सालीं काढलेली ‘एमएक्स-५’ ही उघड्या टपाची गाडी साध्या दट्ट्याच्या इंजिनाची, लहान, स्वस्त. ती एकदांही बंद पडली नाहीं आणि २०१६ सालीं तिची संख्या दहा लक्षांवर गेली. खर्च वाटून घेण्यासाठीं कांहीं वर्षें तिच्याच सांगाड्यावर फियाटची गाडीही हिरोशिमांत बनत असे. टोयोटानें हाच मार्ग धरून २००२ सालीं थांबलेली ‘सुप्रा’ २०१९ सालीं परत आणली. पण इंजिन बीएमडब्ल्यूचें आणि जुळणी ऑस्ट्रियांत. चालविणाऱ्यांनीं ती वाखाणली. जुन्या भक्तांनीं मात्र ‘ही आमची नव्हे’ म्हणून नाक मुरडलें. पुनरुज्जीवनाची अडचण हीच आहे. टोयोटा इंजिन उसनें आणूं शकली. माझदास तीही सोय नाहीं, कारण तिच्या गाडींत इंजिन हीच गाडी आहे, आणि तें दुसऱ्या कोणापाशीं मिळत नाहीं.

म्हणूनच आमचें मत असें कीं आरएक्स-७ हें नांव परत येतें कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. जुनें नांव आणि जुना घाट नव्या सांगाड्यावर चढविणें हें वेषांतर झालें. पण हें फिरतें इंजिन बनविणारे हात शिल्लक राहतात कीं नाहीं, हें महत्त्वाचें आहे. वेदपाठशाळांतून घनपाठ कां टिकला? पोथी छापली म्हणून नव्हे, म्हणणारा आणि त्याच्यासमोर बसून ऐकणारा, ही जोडी तुटली नाहीं म्हणून. पट्टी किती घट्ट बसवावी, भिंत किती गुळगुळीत घासावी, याचीही आंकड्यांत न मावणारी एक पोथी असते. या दृष्टीनें कर्मठांनीं ज्यावर बहिष्कार घातला, तें वीज करणारें लहानसें इंजिनच आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तें एका ठराविक गतीनें फिरतें, म्हणून त्याचे जुने दोष आटोक्यांत ठेवणें सुलभ जातें, आणि कारखान्यांत जातें फिरतें राहतें. चाहत्यांस तेवढ्यानें समाधान वाटत नसेल, तर त्यांनीं अशाच इंजिनाची दोन माणसांची गाडी आगाऊ पैसे भरून मागावी.

कंपनीच्या मनांतही असेंच कांहीं चाललें असावें. १९९१ च्या विजयी गाडीचे वारस म्हणविणारे ते अभियंते मध्यंतरीं इतर खात्यांत विखुरले गेले होते. २०२३ च्या ऑक्टोबरांत टोकियोच्या प्रदर्शनांत कंपनीनें ‘आयकॉनिक एसपी’ नांवाची तांबडी, बुटकी, दोन त्रिकोणांच्या इंजिनावर वीज करणारी नमुन्याची गाडी मांडली. विक्रीचा शब्द तेव्हां कोणीं दिला नाहीं. पण २०२४ च्या फेब्रुवारीच्या १ तारखेपासून या इंजिनाचें स्वतंत्र खातें हिरोशिमांत पुन्हां उघडलें, आणि त्यांत छत्तीस अभियंते नेमले गेले. सत्तेचाळिसांस अजून अकरा कमी आहेत.