दिल्लीत कलम २५, रियाधमध्ये मौन

२७ जानेवारी २०१५ रोजी दिल्लीच्या सिरी फोर्ट सभागृहात बराक ओबामा यांनी आपल्याला राज्यघटनेच्या कलम २५ची आठवण करून दिली. धर्माच्या नावावर फूट पडली नाही, तरच भारत यशस्वी होईल, असं ते म्हणाले. त्याच दिवशी, ताजमहालाची भेट रद्द करून, ते रियाधला गेले. राजे अब्दुल्ला नुकतेच वारले होते. त्या देशात रैफ बदावी हा ब्लॉगर 'इस्लामचा अवमान' केल्याबद्दल दहा वर्षांची कैद भोगत होता. शिक्षेतल्या १,००० फटक्यांपैकी पहिले ५० त्याला १८ दिवसांपूर्वी भर चौकात मारले गेले होते. ओबामांनी सौदी राजाकडे त्याचा विषय काढला नाही. मानवी हक्क आणि बाकीचे हितसंबंध यांचा तोल सांभाळावा लागतो, हे त्यांचं स्पष्टीकरण.

आपल्याकडे त्या भाषणावर रणधुमाळी झाली. सरकारसमर्थक चिडले, विरोधक सुखावले. ओबामा बोलले ते खरंच होतं. पण ते दिल्लीत बोलता येतं आणि रियाधमध्ये नाही, असं का? कारण दिल्लीत त्याची किंमत मोजावी लागत नाही. इथे टाळ्या पडतात, अग्रलेख येतात, संरक्षण करार जागच्या जागी राहतात.

ही एका माणसाची लबाडी नाही, पद्धतच आहे. अमेरिकेने १९९८मध्ये जगातल्या धर्मस्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारा कायदा केला. २००४पासून सौदी अरेबिया त्यातल्या सर्वांत वाईट देशांच्या यादीत आहे. या यादीतल्या देशांवर कारवाई अपेक्षित असते. सौदीला 'राष्ट्रहिता'च्या कारणाने सूट मिळते. २००९मध्ये कैरो विद्यापीठात ओबामा लोकशाहीवर बोलले, कॉप्टिक ख्रिश्चनांचाही उल्लेख केला. २०१३मध्ये इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेला अध्यक्ष हटवला, तेव्हा त्यांच्या सरकारने 'बंड' हा शब्द उच्चारायचं टाळलं. उच्चारला असता तर कायद्यानुसार मदत थांबवावी लागली असती. वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत काही काळ अंशतः रोखली, २०१५मध्ये पुन्हा मोकळी केली.

आपले पंतप्रधानही याच शाळेतले. जून २०२३मध्ये व्हाइट हाउसमध्ये मुस्लिमांच्या हक्कांबद्दल प्रश्न आला, तेव्हा लोकशाही आमच्या डीएनएत आहे, भेदभावाला जागाच नाही, असं उत्तर मिळालं. तीन दिवसांनी कैरोत त्यांनी अल-हाकिम मशिदीला भेट दिली. एप्रिल २०२४मध्ये बांसवाड्याच्या प्रचारसभेत मात्र 'घुसखोर' आणि 'जास्त मुलं असणारे' हे शब्द आले. त्यातून मुस्लिम अभिप्रेत नव्हते, असा खुलासा नंतर झाला. परदेशातलं उत्तर घरच्या व्यासपीठावर, मतं जायची भीती असताना दिलं असतं, तर खुलाशाची वेळच आली नसती.

नेत्याला व्यवहार बघावाच लागतो, हे मान्य. मग त्याला व्यवहार म्हणा, मूल्य म्हणू नका. परकीयांनी बोलूच नये, हा युक्तिवादही मला पटत नाही. तो प्रत्येक हुकूमशहाच्या सोयीचा आहे. बोला, पण यजमान जिथे चिडेल तिथेही बोला. नाहीतर 'धर्मस्वातंत्र्य' हा शब्द तुरुंगातल्या माणसाच्या उपयोगाचा राहत नाही. तो पाश्चात्त्यांचा दबावतंत्राचा शब्द आहे, असं सांगायला त्याच्या जेलरला पुरावा मिळतो.

बदावी मार्च २०२२मध्ये सुटला, पूर्ण दहा वर्षं भोगून. यापुढे कुठल्याही नेत्याचं परदेशातलं भाषण ऐकताना टाळ्या किती पडल्या, हे मोजू नका. या वाक्यासाठी वक्त्याने काय गमावलं, एवढंच विचारा.