मूळव्याधीच्या आड दडलेला कर्करोग
सुरतच्या लिंबायत-उधना पट्ट्यात खानदेशातून गेलेल्या मराठी कामगारांची मोठी वस्ती आहे. शौचावाटे रक्त पडले की तेथेही, आपल्याकडच्याप्रमाणेच, बहुधा मूळव्याध समजून चूर्ण घेतले जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान लांबते ते येथेच. केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. मलातील अदृश्य रक्त शोधणारी चाचणी स्वस्त आहे खरी. जपान ती १९९२पासून राबवतो. परंतु रक्त आढळल्यावर दुर्बिणीने आतडे पाहावेच लागते. गरीब देशांचे घोडे अडते ते इथे: तज्ज्ञ मोजके, आणि यंत्रमागावरच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. सरसकट चाचणीच्या घोषणेआधी, रक्तस्राव होणाऱ्या चाळिशीपुढील रुग्णांना तरी सरकारी रुग्णालयात ही दुर्बीण-तपासणी विनाविलंब मिळावी.