आवळा आपला, कोहळा दुसऱ्याचा

तुळशीचं लग्न लागलं की आठवडी बाजारात आवळ्याचे ढीग दिसू लागतात. वृंदावनात ऊस, चिंच, बोरांबरोबर आवळ्याचाही मान असतो. अनेक घरांत तोपर्यंत आवळा तोंडात घालायचा नाही असा शिरस्ता आहे. पुढे माल वाढला की भाव पडतो. बाजार उठायच्या वेळी पाटीत उरलेले आवळे मिळेल त्या दरात देऊन आयाबाया घरची वाट धरतात. तोच आवळा नंतर चूर्ण, रस आणि कँडी होऊन चकचकीत बाटलीतून गावच्या दुकानात परत येतो. आवळा देऊन कोहळा काढावा ही म्हण आपण लहानपणी शिकलो. प्रत्यक्षात मात्र आवळा देणारे आपण आणि कोहळा नेणारा भलताच, अशी गत झाली आहे.

पैशाचं एकवेळ राहू द्या. याहून मोठा तोटा घरातल्या माणसांच्या अंगातल्या रक्ताचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील बालकांत तर हे प्रमाण 69 टक्क्यांच्या घरात होते. खुरपणीला वाकलेल्या बाईला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, ‘उन्हाचं असेल.’ ते नेहमी उन्हाचंच असतं असं नाही.

आता कुणी म्हणेल, आम्ही बाजरीची भाकरी खातो, डाळ खातो, मेथी-चवळीची भाजी खातो. मग लोह कमी कसं? प्रश्न रास्त आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते. परंतु धान्य-भाजीतले लोह शरीराला सहजी घेता येत नाही. ताटात असलेले सगळेच अंगी लागत नाही. त्याच घासाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले, तर लोहाचे रूप बदलते आणि ते आतड्यात अधिक प्रमाणात शोषले जाते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर आहे तेही अडते. भाकरीचं कुलूप उघडणारी किल्ली आपल्या बांधावर लटकते आहे, ती हीच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम आवळ्यात सुमारे 250 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, संत्र्यात 40 च्या आसपास. जुन्या तक्त्यांत आवळ्याचा आकडा 600 होता. पण कमी आकडा धरला तरी तीस ग्रॅमचा एक आवळा सुमारे 75 मिलिग्रॅम देतो. स्त्रीची रोजची शिफारस 65 आणि पुरुषाची 80 मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणशी एक आवळा, की दिवसाचं काम बव्हंशी भागलं!

मात्र हा गुण टिकवायचा, तर आवळा ताजा आणि कच्चा खाल्ला पाहिजे. उकळल्याने, उन्हात वाळवल्याने हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. मोरावळ्यात साखरच फार, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी जपून खावा. सर्वांत सोपे म्हणजे जेवायच्या वेळी आवळा किसून, मीठ-मिरची-कोथिंबीर घालून ठेचा करावा. अर्थात आवळा म्हणजे रामबाण नव्हे. जंत, हिवताप, सिकलसेल अशा इतर कारणांनीही रक्तक्षय होतो. तेव्हा रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

शासनाने 1990 साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना सुरू केली. आंबा, काजू, बोर, सीताफळाबरोबर आवळ्याचीही झाडे कोरडवाहू जमिनीत उभी राहिली. हलक्या रानात, थोड्या पाण्यावर येणारे हे झाड. लागवडीला अनुदान मिळाले, पण पिकलेला माल खपवायचा कुठे, याचं उत्तर त्यात पुरेसं नव्हतं. ते आजही शोधावे लागते.

ते उत्तर गावातच सुरू होऊ शकते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात शाळेच्या पोषण आहारात खिचडीबरोबर प्रत्येक मुलाच्या हातावर एक आवळा पडावा. अंगणवाडीत येणाऱ्या गरोदर आणि स्तनदा मातांनाही तो मिळावा. खरेदी गावच्याच शेतकऱ्याकडून व्हावी, आणि निवडण्या-वाटण्याचे काम बचत गटाला द्यावे. यासाठी ना कारखाना लागतो, ना शीतगृह. ग्रामपंचायतीने ठराव करावा आणि जिल्हा परिषदेने त्याला खर्चाची वाट करून द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, ठराव होईल तेव्हा होईल. उद्या बाजाराला पाटी भराल, तेव्हा घरातल्या माणसांपुरते आवळे आधी बाजूला काढून ठेवा. ते मोजताना घरच्या लक्ष्मीला मात्र विसरू नका. तिचा आवळा पहिला.