घर कुणासाठी सजवायचं?



दिवाळीच्या आधी आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर दरवर्षी घरांचे फोटो यायला लागतात. नवा सोफा, नवे पडदे, फॉल्स सीलिंगमधले पिवळे दिवे. खाली सगळ्यांचे अंगठे आणि फुलं. मीही टाकलेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या हॉलचा फोटो मी टाकला, तेव्हा एकीनं लिहिलं होतं, "फरशीत चेहरा दिसतोय गं!" मला त्या दिवशी किती आनंद झाला होता! आज त्याच फरशीबद्दल लिहायला बसलेय.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पहिल्यांदा घरात आलं. 2021 च्या जुलैत पुन्हा आलं. सासऱ्यांच्या वेळची शहाबादी फरशी खचली, कपाटं फुगली, भिंतींना ओल धरली. दुरुस्ती करायचीच होती. मग म्हटलं, एवढा खर्च होतोच आहे तर घर जरा आताच्या पद्धतीचं करून घेऊ. इंटिरिअरवाल्यानं संगणकावर चित्रं दाखवली आणि मी हरखून गेले. पांढरी चकचकीत टाइल, हॉलच्या मध्ये उगीच एक पायरी (त्याच्या भाषेत 'लेव्हल डिफरन्स'), दाराला भक्कम लोखंडी ग्रील, त्याला आतून कडी आणि वर कुलूप.

सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या. घर पूर्ण झाल्यावर त्या भिंतीला हात लावत लावत हॉलमधून गेल्या आणि म्हणाल्या, "घर लई देखणं झालंय गं, पण मला चालायला भ्या वाटतंय." मी हसले. म्हटलं, "होईल सवय, आई."

त्या चातुर्मासात आमच्या भागात महाराज होते. आम्ही चौका लावला होता. तुम्हाला सांगायला नको, चौका लावायचा म्हणजे घर कसं होतं. आदल्या संध्याकाळपासून आई मागे लागल्या होत्या. दारापासून चौक्यापर्यंतच्या वाटेत काही नको. फरशी ओली नको. पायरीपाशी कुणीतरी उभं राहा. पादप्रक्षालनाचं पाणी सांडलं की लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. खिडकीचा पडदा सारा, उजेड येऊ दे. पडगाहनाला कलश घेऊन उभं राहिल्यावरसुद्धा माझं अर्धं लक्ष त्या चकचकीत फरशीवर होतं, महाराजांचा पाय सरकला तर? आहार निरंतराय झाला आणि जीव भांड्यात पडला.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, त्याच फरशीवर सासूबाई पडल्या.

मी मंडळाच्या बैठकीला गेले होते. हे दुकानात. जाताना मी रोजच्यासारखं बजावलं होतं, "आतून कडी लावून घ्या, कुणालाही दार उघडू नका." त्यांनी तंतोतंत ऐकलं. पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून येताना चार थेंब सांडले असतील, त्या पायरीपाशी पाय सरकला. मागच्या परड्यातून शेजारच्या काकूंनी हाक ऐकली, धावत आल्या, पण आत येणार कशा? ग्रीलला आतून कडी, त्याच्या आत दार, त्यालाही कडी. माझा फोन पर्समध्ये, आवाज बंद. शेवटी ह्यांना दुकानात फोन लागला, सुताराला घेऊन आले, दार काढलं. तोवर तासभर त्या तिथेच पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. आज त्या वॉकर घेऊन चालतात, देवाची कृपाच. पण त्या तासाचा हिशेब माझ्या मनातून जात नाही. घर देखणं करायला जी फरशी घातली तिनं त्यांना पाडलं आणि घर सुरक्षित करायला जी कडी बसवली तिनं मदत बाहेर अडवली.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसलाय. महाराजांसाठी मला जे दिसलं, ते आईंसाठी का दिसलं नाही? चौक्याच्या दिवशी माझे डोळे उघडे होते आणि एरवी बंद होते. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, प्रमाद. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असं आपण पाठशाळेत लहानपणी शिकलो. मारायची इच्छा नसली तरी बेसावधपणा पुरतो. मला वाटायचं, हे मुंगीसाठी आहे, गाळलेल्या पाण्यातल्या जीवांसाठी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांनाही ते लागू आहे, हे मला खुबा मोडल्यावर कळलं.

म्हणून मी आता ठामपणे म्हणते की घराची सजावट हा हौसेचा विषय आहेच, पण त्याआधी तो यत्नाचाराचा विषय आहे.

पाच समिती आपण मुनींच्या म्हणून पाठ करतो. ईर्या समिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहून, उजेडात, जपून चालणं. आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू पाहून उचलणं, पाहून ठेवणं. उत्सर्ग म्हणजे विसर्जनाची जागा पाहून घेणं. आपण गृहस्थ, त्या पूर्णपणे पाळणं आपल्या आवाक्यातलं नाही. पण त्या पाळता येतील असं घर तर बांधता येतं! चार हात पुढची जमीन दिसायला उजेड लागतो. ठेवलेली वस्तू हाताला लागायला ती खांद्याच्या उंचीखाली असावी लागते. आणि न्हाणीघर तर घरातली सगळ्यात जपण्याची जागा. इंटिरिअरवाला या तिन्हींबद्दल आपल्याला विचारत नाही. तो विचारतो, "थीम कुठली?"

आम्ही नंतर काय केलं ते सांगते. यातलं बरंचसं तुम्हालाही करता येईल.

सगळी फरशी उपटणं परवडणारं नव्हतं. न्हाणीघरातली तेवढी काढून खरखरीत टाइल घातली. कमोडशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्के दांडे बसवले. टॉवेल अडकवायचा दांडा वेगळा आणि आधाराचा वेगळा, कारण टॉवेलचा दांडा माणसाचा भार घेत नाही. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं केलं. आतलं माणूस दारापाशीच पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं आणि कुणाला आत जाता येत नाही. कडी अशी बसवली की गरज पडली तर बाहेरून उघडता येते.

हॉलमधली ती पायरी फोडून उतार केला. स्वयंपाकघरापासून आईंच्या खोलीपर्यंत भिंतीला लाकडी दांडा लावला. पाहुणे विचारतात, "हे काय?" मी सांगते, "आईंचा जिना आहे, आडवा." खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत दोन मंद दिवे लावले. रात्री उठल्यावर बटण शोधावं लागत नाही. सगळा खर्च सोफ्याच्या निम्म्यानंही झाला नाही.

ग्रील ठेवली, पण कडीऐवजी दोन्हीकडून किल्लीनं उघडणारं कुलूप बसवलं आणि एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. खिडक्यांच्या पक्क्या ग्रीलमध्ये एक झडप करून घेतली. आग लागली किंवा पाणी चढलं तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी. चोराला आत येता येऊ नये हे खरं, पण आपल्याला बाहेर पडता यावं, हेही तितकंच खरं. आईंच्या गळ्यात मोबाईल असतो आणि त्यात 112 नंबर आणि काकूंचा नंबर एका बटणावर आहे. मला विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा काकू जास्त उपयोगी. कॅमेरा पडलेलं माणूस दाखवतो, उचलत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे आपल्या बायकांचं निम्मं आयुष्य जातं आणि इथेच आपण दुसऱ्याचं सगळ्यात जास्त ऐकतो. मला सांगितलं होतं, खिडकी बुजवा, तिथे उंच कपाट छान दिसेल. ती एक गोष्ट मी ऐकली नाही, एवढंच माझं पुण्य. ज्या घरात धान्य निवडायचं, पाणी गाळायचं, जिवाणी नीट सोडायची आणि सूर्यास्ताआधी जेवून उठायचं, तिथे खिडकी बुजवून दिवे लावायचे? ट्यूबच्या उजेडात तांदळातला पोरकिडा दिसत नाही हो. आपल्या स्वयंपाकघरात खिडकी म्हणजे आचाराचं साधनच.

दुसरी गोष्ट ओलीची. सिंकखालचं बंद कपाट उघडून एकदा वाकून बघा. पाइपाचा एक थेंब ठिबकत असतो, आत अंधार असतो, आणि महिन्याभरात झुरळं होतात. मग आपण फवारणीवाल्याला बोलावतो, डोळे मिटून हजारो जीव मारतो आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतो. जीव झाल्यावर मारण्यापेक्षा जीव होणारच नाहीत अशी जागा ठेवणं, हीच आपली रीत आहे. आम्ही सिंकखालची दारं काढून टाकली. आता थेंब पडला की दिसतो. ट्रॉल्या जमिनीपासून चार बोटं वर आहेत, खालून कुंचा फिरतो. खिडक्यांना बारीक जाळी आहे, त्यामुळे संध्याकाळी दिव्यावर किडे येऊन मरत नाहीत आणि डासांसाठी काही जाळावंही लागत नाही. उष्टी भांडी रात्री ठेवायची नाहीत, हे तर आपल्या आज्यांनीच सांगून ठेवलंय.

गॅसचंही सांगते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या बंद कपाटाला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीत. सुंदर दिसावं म्हणून आपण नेमकं ते कपाट घट्ट बंद करतो. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा. आणि आम्हा नदीकाठच्यांसाठी आणखी एक. विजेची बटणं आणि प्लग कमरेच्या वर घ्या, वीज गळू लागली की ती लगेच तोडणारं ईएलसीबी बसवा आणि घराची कागदपत्रं माळ्यावर ठेवा.

कुणी म्हणेल, "अहो, मग घर दवाखान्यासारखं दिसेल!" मलाही ती भीती होती. खरखरीत फरशी पुसायला जरा जड जाते, हेही खरंच. पण आमच्या हॉलमध्ये आज सागवानी दांड्याला हात घासून चकाकी आली आहे आणि खिडकीत तुळशीची कुंडी आहे. सकाळी ऊन थेट पाटापर्यंत येतं. मला तरी ते पूर्वीपेक्षा देखणं दिसतं. घरातलं माणूस न घाबरता वावरतंय, हे बघण्यात जे सुख आहे ते चकचकीत टाइलेत नाही.

आपण वास्तू वास्तू म्हणून किती दिशा बघतो! मुख्य दार इकडे, देवघर तिकडे. पण आपल्या शास्त्रात परिग्रहाची यादी केली, तेव्हा शेताबरोबर वास्तूचंही नाव त्यात घातलंय. म्हणजे घर हाही परिग्रहच. त्याला मर्यादा घालायची आणि जे आहे ते जपून वापरायचं. दिशा बघायला हरकत नाही, पण त्याआधी पाय कुठे पडतोय ते बघा.

या दिवाळीत फोटो जरूर टाका, मीही टाकणार आहे. फक्त त्याआधी एक काम करा. घरात सगळ्यात म्हातारं जे माणूस असेल, किंवा भांडी घासायला येणाऱ्या मावशी असतील, त्यांना विचारा, "या घरात तुम्हाला कुठं भीती वाटते?" आणि त्यांनी सांगितलं की हसू नका.

आई आता खिडकीशी बसून गहू निवडतायत. मघाशी म्हणाल्या, "काय लिवतीयास एवढं?" म्हटलं, "घराबद्दल." त्या म्हणाल्या, "मग त्यो दांडा लिव." लिहिला, आई.